फक्त लिहायचं राहिलंय

स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची सरांची. विषय अर्थशास्त्र, प्रबंध 'जिल्ह्यातील जनावरांचे आठवडी बाजार : एक चिकित्सक अभ्यास'. 'सर, पीएचडी कुठवर आली?' असं कुणी विचारलं की म्हणतात, 'झालीच. फक्त लिहायचं राहिलंय.'

आणि ते खोटं नाही. कोर्सवर्क झालंय, प्रश्नावल्यांचे गठ्ठे कपाटावर धूळ खाताहेत, शोधगंगेवरून उतरवलेल्या दुसऱ्यांच्या प्रबंधांनी पेन ड्राइव्ह भरलाय. अर्पणपत्रिका तयार आहे. ऋणनिर्देश तर अडीच पानी. त्यात 'रात्र रात्र जागून लेखन करताना' चहा पुरवल्याबद्दल पत्नीचे आभार आहेत. वहिनी दहाला झोपतात. सर साडेनऊला.

घोडं अडतं ते 'प्रकरण पहिले : प्रास्ताविक' इथे. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' असं लिहायचं, हे सगळेच लिहितात म्हणून खोडायचं. मग कौटिल्याच्या गोऽध्यक्षापासून सुरुवात करावी असं वाटतं, म्हणून अर्थशास्त्र उघडायचं. तेवढ्यात दिवाळीची सुट्टी संपते. पुढे परीक्षा, पेपर तपासणी आणि नॅक.

बोलताना मात्र ऐकत राहावं! दलाल भाव कसा ठरवतात ते सांगताना त्यांनी एकदा माझा हात रुमालाखाली ओढला आणि बोटं अशी काही दाबली की आपण बैल विकला की घेतला, हेच मला कळेना. तास झाल्याची घंटाही कुणाला ऐकू आली नाही. यातलं एक अक्षर कागदावर नाही. का, तर 'ते शास्त्रीय नाही हो.'

यूजीसीच्या नियमाप्रमाणे पीएचडीला जास्तीत जास्त 6 वर्षं, त्यापुढे पुनर्नोंदणी करून आणखी 2. सरांची सहा भरली. मुदतवाढीसाठी विलंबाची कारणं लिहून आणा, असं मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं. सरांनी एका ऑफ तासाला चार पानी अर्ज लिहिला, एकटाकी. शेतकरी कागदावर अंगठा द्यायला घाबरतात, भाव रुमालाखाली ठरत असल्याने नोंद कुठेच होत नाही, 2022 मध्ये लम्पीमुळे बाजारच बंद होते. कारणं इतकी वर्षं घोकलेली, अडणार कुठे?

मॅडमनी 'माननीय महोदया' खोडून त्या जागी 'संशोधनाच्या मर्यादा' असं लिहिलं आणि खाली शेरा मारला : 'उत्तम. प्रास्ताविक सर्वांत शेवटी लिहा.'

अर्ज मंजूर झाला की नामंजूर, हे न कळल्याने सर दोन दिवस घुश्श्यात होते. सध्या दुसरा अर्ज चाललाय : मंजूर प्रश्नावली बाजूला ठेवून दलालांशी चहाच्या टपरीवर बोलावं लागल्याबद्दल दिलगिरी. पाच पानं झालीत. त्यावर मॅडम 'संशोधन पद्धती' असं लिहिणार, हे आम्ही सरांना सांगितलेलं नाही.