माणशी चार पैसे

मार्च 2023 मध्ये हैदराबादजवळच्या सायबराबाद पोलिसांनी एक टोळी पकडली. सुमारे 16.8 कोटी लोकांची माहिती या टोळीने विक्रीला काढली होती. त्यात नाव, मोबाईल नंबर, पॅन, क्रेडिट कार्ड, नीटच्या विद्यार्थ्यांच्या याद्या, इतकंच काय, संरक्षण दलातल्या लोकांचे तपशीलही होते. पोलिसांनी भावसुद्धा सांगितला : 50 हजार लोकांची यादी अवघ्या 2 हजार रुपयांत. भागाकार करून बघा. माणशी चार पैसे! पुढच्या काही दिवसांतच त्याच पोलिसांनी आणखी एकाला अटक केली. त्याच्याकडे 66.9 कोटी व्यक्ती आणि संस्थांची माहिती निघाली.

आपली माहिती बाहेर जाईल का, असं लोक अजून विचारतात. ती कधीच गेली आहे. आता उरलेली किती वाचवायची, एवढंच आपल्या हातात आहे.

ही माहिती गोळा करायला दर वेळी हॅकर लागत नाही. मॉलच्या मधोमध चकचकीत गाडी उभी असते. शेजारी काचेची पेटी आणि कुपनांचा गठ्ठा. कुपनावर काय विचारलेलं असतं? नाव, मोबाईल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, घर स्वतःचं की भाड्याचं, गाडी आहे का, मुलं किती, महिन्याचं उत्पन्न. सोडतीसाठी नाव आणि नंबर पुरतो. बाकीचं सगळं विकण्यासाठी भरून घेतात. आणि आपण पेटीवर कागद टेकवून, पोराच्या हातचं आइस्क्रीम सांभाळत, सुवाच्य अक्षरात भरून देतो!

फोनमध्ये हेच काम गुपचूप चालतं. फुकटच्या अनेक अ‍ॅपमध्ये जाहिरात कंपन्यांचा तयार कोड बसवलेला असतो. परवानगी मिळाली की तुम्ही कुठे आहात हे तो पाठवत राहतो आणि सोबत तुमच्या फोनचा जाहिरात-क्रमांक जोडतो. रात्री हा फोन जिथे असतो ते घर, दिवसा जिथे असतो ते ऑफिस. दर सोमवारी तो एखाद्या दवाखान्यात दिसला, तर पुढचं सांगायला नकोच.

यातला एकेक तुकडा सुटा असला तर फारसा कामाचा नाही. माहितीचा दलाल कमावतो तो जुळवणीवर. औषधाच्या बिलावरचा नंबर, क्लासच्या चौकशी अर्जावरचा नंबर, कर्जाच्या फॉर्मवरचा नंबर, सोडतीच्या कुपनावरचा नंबर, सगळीकडे तोच. त्या दहा आकड्यांवर सगळ्या याद्या एकमेकींना जोडल्या जातात आणि एक माणूस उभा राहतो : वय 58, शुगरच्या गोळ्या चालू, घराचं कर्ज फिटत आलेलं, मुलगी बारावीला. हे सगळं त्याने एकाच वेळी कुणालाच सांगितलेलं नसतं.

अमेरिकेत हा धंदा उजळ माथ्याने चालतो. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नऊ डेटा ब्रोकर, म्हणजे माहितीच्या दलाल कंपन्यांच्या तपासणीचा अहवाल 2014 मध्ये काढला. एका कंपनीकडे जवळपास प्रत्येक अमेरिकन ग्राहकामागे 3000 प्रकारचे तपशील होते. गिऱ्हाइकांचे गट पाडलेले होते. एक गट होऊ घातलेल्या आई-बापांचा, एक मधुमेहात रस असलेल्यांचा. बाळ जन्मायच्या आधीच त्याच्या नावाने बाजार भरलेला!

आपल्याकडे यातून नको ते फोन येतात, एवढंच आपल्याला वाटतं. तेवढ्यावर निभावलं असतं तर तक्रार नव्हती. पण तीच यादी भामट्याच्या हाती पडते. पोलीस असल्याचं भासवून ‘डिजिटल अटके’च्या नावाने फोन करणारा आधी तुमचं पूर्ण नाव घेतो, पत्ता सांगतो, आधारचे शेवटचे आकडे म्हणून दाखवतो. एवढं ठाऊक आहे म्हणजे खरोखरच पोलीस असणार, असं समोरच्याला वाटतं. जन्मभर काटकसर करून जमवलेली पुंजी माणसं त्याच्या हवाली करतात ती याच धाकापोटी. ती भोळी असतात म्हणून फसत नाहीत. समोरच्याकडे त्यांची माहिती आधीच असते म्हणून फसतात.

आता कायद्याचं बघू. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला 24 ऑगस्ट 2017 रोजी. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला 2023 मध्ये. त्याचे नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये. आणि आपली माहिती पुसून टाका, असं कंपनीला बजावण्याचा हक्क त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार. मात्र याच कायद्यातलं माहिती अधिकाराला कात्री लावणारं कलम नियमांसोबत लगेच अमलात आलं. नागरिकाने सरकारला प्रश्न विचारण्यावर बंधन लगेच, कंपनीवर बंधन पुढे कधीतरी. हा क्रम मला संतापजनक वाटतो.

माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड आहे. तो जाणार सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यात भरपाई म्हणून एक रुपयाही नाही. शिवाय डेटा ब्रोकर असा वेगळा वर्गच या कायद्यात नाही, त्यामुळे त्यांची नोंदणीही नाही. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये कायदा करून दलालांच्या नोंदणीला माहिती पुसण्याचीही जोड दिली : नागरिकाने एकच अर्ज करायचा आणि नोंदणी असलेल्या सगळ्या दलालांनी त्याची माहिती पुसायची. असं आपल्याकडे का होऊ नये?

होईल तेव्हा होईल. तोवर स्वतः करण्यासारखं बरंच आहे.

बिल करताना नंबर मागितला तर ‘नको’ म्हणा. ‘सिस्टीम पुढे जात नाही’ असं उत्तर येईल. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्येच विक्रेत्यांना बजावलंय की नंबरसाठी अडून बसणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. काउंटरवरच्या मुलाशी भांडू नका, तो पगारी नोकर आहे. मॅनेजरला बोलवा. तरीही अडवलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

दुकान, क्लास, प्रदर्शन, ऑनलाइन खरेदी यांच्यासाठी जमल्यास वेगळा नंबर आणि वेगळा ईमेल ठेवा. बँकेचा नंबर बँकेपुरताच राहू द्या. जुळवणी तुटते ती इथे.

आधारची झेरॉक्स उठसूट कुणालाही देऊ नका. आधारच्या संकेतस्थळावर ‘मास्क्ड आधार’ मिळतं, त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. कागदी प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा : कोणत्या कामासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला.

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या अ‍ॅपला लोकेशन आणि कॉन्टॅक्ट दिलेत ते एकदा तपासा. कॅल्क्युलेटरला तुमचा पत्ता कशाला हवा? अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीखाली जाहिरातींच्या भागात जाहिरात-क्रमांक पुसता येतो, आयफोनमध्ये अ‍ॅपना माग काढायची परवानगीच नाकारता येते. 1909 वर नको त्या कॉलची बंदी नोंदवा. भामटे त्याने थांबत नाहीत, पण नोंदणीकृत कंपन्यांना आवर बसतो.

आणि एक गोष्ट आपल्या सोसायट्यांची. गेटवरच्या वहीत नाव लिहायला वाकलं की आधी आलेल्या दहा जणांचे नंबर समोर उघडे असतात. भरलेल्या वह्या वर्षअखेर रद्दीत जातात. ग्रुपवर एक्सेलची यादी फिरते : फ्लॅट नंबर, मालक की भाडेकरू, गाडीचा क्रमांक, माणसं किती, मोबाईल. ही यादी एका इस्टेट एजंटच्या हाती पडायला एक फॉरवर्ड पुरे. आणि ती आपणच पाठवतो. स्वतःचा नंबर जपणारा माणूससुद्धा एखादं अ‍ॅप टाकताना फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट एका बोटाने देऊन टाकतो. त्यात शेजारणीचा नंबर असतो, मुलीच्या मैत्रिणीचा असतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत लिफ्ट आणि पार्किंगबरोबर हा विषय मांडा. गेटवरच्या नोंदी तीन महिन्यांनी फाडून नष्ट करायच्या, यादी फक्त सचिवाकडे राहील, असा ठराव करून घ्या. आणि मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा : दलालांची नोंदणी कधी करणार, आणि फसलेल्याला भरपाई कधी देणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.