मुलगा हवा, मग आईवर संशय का?

जर्मनीला आपली मुलं हवी आहेत, आणि तिथलं सरकार ते उघडपणे सांगतं. ऑक्टोबर २०२४मध्ये तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्झ दिल्लीत आले. त्या वेळी कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याआधी डिसेंबर २०२२मध्येच दोन्ही देशांनी कामगार आणि विद्यार्थ्यांच्या ये-जा करण्याबद्दल करार केला होता. मुलं गेली, कामाला लागली, तिथं कर भरू लागली.

मग घरात बाळाची चाहूल लागते आणि आईला बोलावणं जातं. दोन-अडीच महिने बाळंतपण करायचं, नातवंडाला न्हाऊ-माखू घालायचं आणि परत यायचं, एवढंच तिच्या मनात असतं. तिच्याकडून मात्र एकाच गोष्टीचा पुरावा मागितला जातो: तुम्ही परत याल कशावरून?

या प्रश्नाबद्दलच आज बोलायचं आहे.

आधी तिची फाईल बघू. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, युरोपातून निघण्याच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत. विमा ३० हजार युरोंचा, तोही एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या सगळ्या युरोपीय, म्हणजे शेंगेन, देशांत चालणारा. तिकिटाचं आरक्षण. बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट. पेन्शनचे कागद. घरपट्टीची पावती, सातबारा, आणि ते मराठीत असल्यामुळे त्यांचं भाषांतर. मुलगा आपलाच, हे दाखवायला त्याचा जन्मदाखला. लग्नाची नोंद पन्नास वर्षांपूर्वी कुणी केलेली नसते, म्हणून प्रतिज्ञापत्र.

मुलाकडून येणारी चळत वेगळीच. पगारपत्रकं, भाडेकरार, राहण्याच्या परवान्याची प्रत. शिवाय बरेचदा हमीपत्र. त्यासाठी मुलगा आपल्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जातो, पगार दाखवतो, २९ युरो भरतो आणि सही करतो: आईच्या राहण्याचा, खाण्याचा, आजारपणाचा आणि वेळ पडली तर परत पाठवण्याचाही खर्च माझा. ती कोरडी सही नाही. त्या कागदाच्या आधारावर सरकार त्याच्याकडून पैसे वसूल करू शकतं. हा कागद मूळ प्रतीतच लागतो, म्हणून कुरियरने पुण्याला येतो.

एवढं सगळं करूनही आई परत का येणार, हे त्या फाईलमध्ये दिसत नाही. नवऱ्याच्या साखरेच्या गोळ्या वेळेवर देणारं घरात दुसरं कुणी नाही. भाद्रपदात गौरी आणायच्या आहेत. धाकट्या मुलीचं लग्न ठरायचं आहे. तिकडच्या थंडीत गुडघे धरतात आणि दिवसभर बोलायला कुणी नसतं. तिच्या परतीची कारणं ही आहेत, आणि अर्जात यांपैकी एकालाही रकाना नाही. रकाना आहे तो नोकरीला, मालमत्तेला आणि खात्यातल्या रकमेला. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईच्या नावावर यातलं फारसं काही नसतं. म्हणजे जिची परत येण्याची ओढ सगळ्यात मोठी, तिचाच पुरावा सगळ्यात तोकडा.

प्रश्न विचारूच नये, असं माझं म्हणणं नाही. कोण येतंय आणि मुदतीत परत जातंय का, हे बघण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. मुदत संपल्यावर राहून जाणारी माणसं असतात. पण अर्जदाराच्या परतीची अधिकाऱ्याला खात्रीच पटली पाहिजे, असं युरोपचा कायदा म्हणत नाही. लक्झेंबर्ग इथल्या युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१३मध्ये एका इराणी अर्जदाराच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. खात्रीची गरज नाही. त्या माणसाची परिस्थिती आणि कागदपत्रं पाहून रास्त शंका उरते का, एवढं तपासायचं. तोच निकाल असंही सांगतो की नियमात दिलेल्या कारणांबाहेरचं कारण काढून व्हिसा नाकारता येत नाही. कायदा समंजस आहे. घोडं अडतं ते अंमलबजावणीत.

नकार येतो तो छापील फॉर्मवर. त्यात ठरावीक कारणांची यादी आणि एका चौकोनात खूण. मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल रास्त शंका आहे, एवढंच कळतं. शंका कशावरून आली, कुठला कागद कमी पडला, हे त्या खुणेतून समजत नाही. मग पुढचा अर्ज सुधारायचा कसा?

हा अनुभव दोन-चार जणांचा नाही. २०२४मध्ये भारतातून शेंगेन देशांसाठी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले, त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे शंभरातले पंधरा. ११ जून २०२४पासून प्रौढांचं शुल्क ८० युरोंवरून ९० युरो झालं. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. अर्ज तपासायला खर्च येतो, हे मान्य. पण पूर्ण शुल्क घेऊन तपासलात, तर काय तपासलं ते दोन ओळींत सांगायला हरकत काय?

आता दाद मागण्याची गोष्ट. पूर्वी जर्मनीने नकार दिला की वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता येई. त्याला पैसे पडत नसत. राहिलेला कागद जोडायचा, मुद्दा समजावून सांगायचा, आणि कित्येकांचं काम होऊन जाई. १ जुलै २०२५पासून ही सोय जगभर बंद झाली. फेरविचारात जाणारं मनुष्यबळ नव्या अर्जांना देता येतं, असं जर्मनीचं कारण. आता उरले दोन रस्ते. पुन्हा पैसे भरून नवा अर्ज करायचा, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावायचा. त्या न्यायालयाची भाषा जर्मन. कराडच्या निवृत्त शिक्षिकेने अडीच महिन्यांच्या भेटीसाठी बर्लिनमध्ये वकील लावावा, ही अपेक्षा धरून चालणाऱ्या व्यवस्थेला दाद मागण्याची सोय म्हणता येणार नाही.

एक विसंगती तर डोळ्यांवर येते. १ मार्च २०२४ला किंवा त्यानंतर ज्याला कुशल कामगार म्हणून जर्मनीत राहण्याचा पहिला परवाना मिळाला, त्याला काही अटींवर आईवडिलांना कायमचं राहायला बोलावता येतं. आरोग्य विम्याची अट जड आहे, तरी कायद्याने दार उघडलं आहे. म्हणजे आईने कायमचं राहणं या देशाला तत्त्वतः मान्य आहे. मग जी फक्त अडीच महिन्यांसाठी येते म्हणते, तिच्या शब्दावर इतका अविश्वास का?

युरोपला हे जमत नाही असंही नाही. एखादा युरोपीय नागरिक स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल, तर त्याच्या बिगर-युरोपीय जोडीदाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना व्हिसा विनाशुल्क आणि लवकर द्यावा, असा नियम २००४पासून आहे. कुटुंबाची भेट आणि पर्यटन वेगळं, हे तिथल्या कायद्याला कळतं. ही समज आपल्या मुलांच्या आईवडिलांपर्यंतही पोहोचायला हवी.

एप्रिल २०२४मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी एक चांगली गोष्ट केली, तीही सांगितली पाहिजे. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळाले आणि नीट वापरले, की दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा, आणि तोही नीट वापरला, पासपोर्टची मुदत पुरेशी असली, की पाच वर्षांचा. उत्तम. पण याचा फायदा जाऊन आलेल्यांना. पहिल्यांदा जाणारी आई उंबऱ्यावरच अडते.

आता थोडं आपल्याकडे बघू. एजंट सांगतो, खोटं हॉटेल बुकिंग लावा, सगळेच लावतात. खात्यात दोन दिवस उसने पैसे ठेवा. हे सांगणाऱ्याला काही होत नाही, भोगायचं अर्जदाराला. नकाराची नोंद युरोपच्या सामायिक व्हिसा प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते आणि पुढच्या अर्जाच्या वेळी ती कुठल्याही सदस्य देशाला दिसते. खोटा कागद एक लावतो, आणि त्यामुळे वाढलेली शंका पुढच्या दहा खऱ्या अर्जांवर बसते. आपल्याच माणसांचं हे नुकसान आपण थांबवलं पाहिजे. मुलाकडे राहणार असाल तर मुलाचा पत्ता लिहा. खात्यात आहे तेवढंच दाखवा आणि खर्च मुलगा करणार हे स्वच्छ सांगा. नियमात ते बसतं.

अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, अडलं तर ४५. बाळंतपणाची तारीख आधी कळलेली असते, तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट बघू नका. भेटीची वेळ साधारण दोन आठवड्यांत मिळावी, असं युरोपचाच व्हिसा कायदा म्हणतो. ती मिळत नसेल तर दलालाला पैसे चारू नका; वकिलातीला लेखी कळवा. व्हिसा हातात आला की स्टिकर नीट वाचा. वैधतेच्या दोन तारखांमधलं अंतर जास्त असतं, कारण पुढेमागे होण्यासाठी त्यात १५ दिवस धरलेले असतात. राहण्याचे दिवस मात्र वेगळ्या रकान्यात असतात आणि मोजले जातात तेच. या एका रकान्याकडे दुर्लक्ष झालं, तर प्रामाणिक बाईसुद्धा मुदत मोडणाऱ्यांत गणली जाते. आणि निमंत्रण, विमा, परतीचं तिकीट सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. व्हिसा असला तरी विमानतळावरचा अधिकारी हे पुन्हा मागू शकतो.

शेवटी दिल्लीकडे. जर्मन माणूस भारतात यायचा असेल तर घरी बसून ई-व्हिसाचा अर्ज भरतो, फोटो आणि पासपोर्टचं पान चढवतो आणि पैसे भरतो. ही सोय आपण दिली, चांगलं केलं. ती काढून घेऊन सूड उगवावा असं मी म्हणणार नाही. पण कुशल माणसांच्या कराराच्या टेबलावर आपलं सरकार बसतं, तेव्हा त्या माणसांच्या आईवडिलांचा विषय कुणी काढायचा?

तिथं तीन गोष्टी मागाव्यात. नकाराचं कारण त्या अर्जदारापुरतं, दोन ओळींत का होईना, लिहून द्या. फेरविचाराची सोय निदान आईवडिलांच्या अर्जांसाठी परत सुरू करा. आणि कायदेशीर राहणाऱ्या मुलाने हमीपत्र दिलं असेल, तर आई परत जाणार हे गृहीत धरा. शंका असेल तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची.

माणूस कामाला बोलावला की त्याच्यामागे त्याचं घरही येतं, सणासुदीला, बाळंतपणाला, आजारपणाला. ९० हजार मुलं मागणाऱ्या देशाने त्यांच्या आईवडिलांच्या भेटीचा हिशेबही त्याच करारात धरला पाहिजे, आणि ती मुलं पाठवणाऱ्या देशाने तो धरायला लावला पाहिजे.