मूल्ये साहेबांची, बिल दुसऱ्याच्या नावे

हल्ली उद्योजक व्हायला जमीन, भांडवल आणि कामगार एवढ्यावर भागत नाही. वैयक्तिक मूल्येही लागतात. ती कंपनीच्या स्वागतकक्षात सोफ्याच्या वर ॲक्रिलिकच्या पाटीवर झळकतात आणि वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या पुष्कळ आधी, गुळगुळीत रंगीत पानांवर येतात. या पाट्यांवर बंदी आणा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पाट्या करणाऱ्यांनीही जगले पाहिजे. म्हणणे एवढेच, की मालकाचे मूल्य खरे की दिखाऊ हे ठरवायला त्याच्या अंतःकरणात डोकावण्याची गरज नाही. ते पाळण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, तेवढे पाहिले की पुरे. मालकाच्या खिशातून गेला तर ते मूल्य. कामगाराच्या किंवा पुरवठादाराच्या खिशातून गेला तर ती मालकाची हौस.

पाटीवर विसंबू नये, हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे गुहागर तालुक्यात घरोघरी पोचलेल्या एन्रॉनची चार घोषित मूल्ये होती: आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. 2000 साली तिने 64 पानांची आचारसंहिताही वाटली. कंपनीचा संवाद इतका उत्तम होता, की कर्जे कुठे दडवली आहेत हे भागधारकांना कळेपर्यंत 2001 चा डिसेंबर उजाडला आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. आपल्याकडेही सत्यम कॉम्प्युटर्सला सप्टेंबर 2008 मध्ये उत्तम कारभाराबद्दल ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला आणि 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून हिशेबातली सुमारे 7,000 कोटी रुपयांची लबाडी कबूल केली. परीक्षकांना तरी दोष कसा द्यावा? उत्तरपत्रिकेत मूल्येच लिहिलेली असतील, तर गुण मूल्यांनाच मिळणार.

पण लबाडांचे एक बरे असते, ते कधी ना कधी सापडतात. प्रामाणिक मालकाचे काय करायचे, हा खरा पेच आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितले. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आकडा 90 वर नेला आणि रविवारीही कामाला बोलावता येत नाही याची खंत व्यक्त केली. कंपनीने पुढे राष्ट्रउभारणीचा दाखला दिला. या दोघांच्या कष्टांवर शंका घेण्याचे कारण नाही. स्वतः राबल्याशिवाय माणूस तिथवर पोचत नाही. मात्र याच अध्यक्षांचे 2023-24 चे वेतन सुमारे 51 कोटी रुपये होते आणि ते कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या 534 पटींहून अधिक होते, असे कंपनीच्याच अहवालात नोंदले आहे. म्हणजे श्रमदेवतेची पूजा सगळ्यांनी मिळून करायची आणि प्रसाद 534 ला एक या प्रमाणात वाटायचा. मूल्य अगदी प्रामाणिक आहे, फक्त बिलावर नाव दुसऱ्याचे आहे.

यावर कोणी म्हणेल, चांगल्या मूल्यांचे मालक या देशात झालेच नाहीत की काय? झाले, आणि त्यांचे बिल तपासण्यासारखे आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात 1877 साली सुरू झाली. तिथे 1886 मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई. देशात भरपाईचा कायदा 1923 चा. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस 1912 पासून, भविष्यनिर्वाह निधी 1920 पासून. त्या निधीचा केंद्रीय कायदा 1952 चा. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना वसाहतीच्या पहाऱ्यावर ठेवले. धोका होता तो त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेला. यातले टाटांचे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे. जमशेटजींनी दया दाखवली असे नव्हे, नियम केला. दयाळू मालकाचा मूड बिघडला की दया संपते. नियम मात्र मालक सकाळी कोणत्या कुशीवर उठला याची चौकशी करत नाही, आणि मालक वारला तरी कामगाराचा निधी शिल्लक राहतो.

नियम नसला की भला माणूससुद्धा कसा रेंगाळतो, याचा धडा इंग्लंडच्या कॅडबरी घराण्याने घालून दिला आहे. क्वेकर पंथाची माणसे, गुलामगिरीचे विरोधक, कामगारांसाठी बोर्नव्हिलसारखी टुमदार वसाहत उभारणारी. आपला कोको साओ टोमे बेटावरच्या वेठबिगारांच्या घामातून येतो, हे त्यांच्या कानावर 1901 मध्ये आले. चौकशी झाली, पत्रव्यवहार झाला, मुत्सद्दी भेटी झाल्या आणि खरेदी थांबली 1909 मध्ये. मधल्या काळात एका वृत्तपत्राने ढोंगीपणाचा आरोप केला, तेव्हा कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला. ज्यूरीने निकाल त्यांच्याच बाजूने दिला आणि भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. आठ वर्षे सवडीने अस्वस्थ राहिलेल्या सदसद्विवेकाची इतकी अचूक किंमत त्याआधी किंवा त्यानंतर कोणी केली असेल, असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. धंदा म्हणजे अन्नछत्र नव्हे, आणि चांगुलपणा कायद्यात बसवला की तो टक्केवारीत उरतो. यातला दुसरा भाग खरा आहे. कंपनी कायद्याने 2013 मध्ये ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी सरासरी नफ्याचे 2 टक्के बंधनकारक केले आणि अनेकांचे समाजप्रेम बरोबर 2 टक्क्यांवर येऊन थांबले. पण आधी शून्यावर असलेल्यांना 2 वर आणणे ही कायद्याची कमाई आहे, आणि 2 च्या पुढे जायला कायद्याने कोणाचा हात धरलेला नाही. राहिला धंद्याचा प्रश्न. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. वेळेवर देणी देणे हे तर वैयक्तिक मूल्यांचे बालवाडीतले पान. तरी 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकर कायद्याने थकवलेल्या रकमेची त्या वर्षीची वजावट नाकारायला सुरुवात केली, तेव्हा व्यापारी संघटनांनी मुदतवाढ मागितली. अठरा वर्षांत सचोटीला जे जमले नाही, ते एका पोटकलमाला जमू लागले, म्हणून ही धावपळ.

तेव्हा मालकांनी मूल्ये जरूर बाळगावीत. पुढची पाटी करायला टाकण्याआधी मात्र लेखापालाला बोलावून 45 दिवसांवरची थकबाकी विचारावी आणि ती पाटीवाल्याच्या आगाऊ रकमेआधी चुकती करावी. ॲक्रिलिकवर गंज चढत नाही, पाटीला घाई नाही. थकबाकीवर मात्र कायद्याने बँक दराच्या तिप्पट व्याज लागते, दरमहा चक्रवाढीने.