रेवदंडा स्टेशनाचा जाहीर सत्कार

महाराष्ट्रात ओस पडलेली स्टेशने पुष्कळ, पण रेवदंड्याइतके निर्दोष दुसरे नाही. फलाटाला तडा नाही, छप्पर गळत नाही, रूळ कुणी भंगारात घातले नाहीत. स्टेशन बांधलेच नाही, हा त्याचा मुख्य गुण.

विदर्भातली शकुंतला पाहा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, नॅरोगेज. आधी रूळ टाका, कापूस वाहा, मँचेस्टरला 1921 साली घडवलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत दामटा, आणि एवढे करून शेवटी गाडी बंदच. रेवदंडेकरांनी मधली सगळी दगदग टाळून थेट शेवट गाठला.

कुंडलिका रोह्यावरून वाहत येऊन रेवदंड्याला समुद्राला मिळते. रोह्यात रेल्वे 1986 साली आली आणि तिथून दक्षिणेला वळली. नदीला सापडलेली वाट रेल्वेला सापडली नाही. पण नदीला कुणाची मंजुरी लागत नाही, हेही खरे.

रेल्वेने रेवदंड्याच्या अलिबाग तालुक्याकडे पाठ फिरवली म्हणणारे कृतघ्न आहेत. पेणहून रूळ आले आहेत की, थळच्या खत कारखान्यापर्यंत! त्यांवरून युरियाच्या गोण्या ऐटीत जातात. त्या खिडकी मागत नाहीत, चिवडा सांडत नाहीत, गाडीला उशीर झाला म्हणून निवेदन देत नाहीत. अशा आदर्श प्रवाशापुढे अलिबागकराचा काय पाड? त्याने एसटीने पेण गाठावे. वडखळच्या कोंडीत चिंतनाला सवडही मिळते. निवडणूक आली की हीच लाइन प्रवाशांची होते, निकाल लागला की पुन्हा युरियाची.

तसे रेवदंडा-चौलला वाहतूक गुंडाळण्याचा जुना अनुभव आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा व्यापारी रशियाहून निघून, सोबत घोडा घेऊन चौलला उतरला. घोड्यासकट! तेव्हा व्यवहार्यता अहवाल नव्हते, म्हणून असले प्रकार घडत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इथे ठाणे मांडले आणि 1740 मध्ये ते मराठ्यांच्या हवाली केले. एवढे नामांकित बंदर जिथे मागे पडले, तिथे फलाट टिकला असता, ही आशा कुणी धरावी?

तेव्हा सत्कार व्हावाच. फार तर एक पिवळा फलक लावावा: रेवदंडा, समुद्रसपाटीपासून उंची अमुक मीटर. पण उंची मोजायला माणूस आला की रेल्वे येणार म्हणून जागेचे भाव चढतील, मुंबईचे लोक गाड्या काढून सात-बारा बघायला येतील. फलकही राहू द्या.