श्रद्धांजलीची घाई

विक्रम गोखले यांना महाराष्ट्राने दोनदा निरोप दिला. पहिला २३ नोव्हेंबर २०२२च्या रात्री. तेव्हा ते पुण्याच्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होते, प्रकृती गंभीर होती, पण ते जिवंत होते. दुसरा २६ तारखेला, खरोखर गेले तेव्हा. मधल्या काळात घरच्यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की बाबांनो, अजून आहेत. हिंदीतल्या बड्या नटांच्याही श्रद्धांजल्या वाहून झाल्या होत्या. मग काहींनी त्या गुपचूप पुसल्या. श्रद्धांजली मागे घेताना काय लिहायचं असतं, याचा नमुना आपल्याकडे कुणी तयारच केलेला नाही. पहिल्या रात्रीचा मजकूर अनेकांना शनिवारी तसाच कामी आला, एवढाच त्यातला फायदा.

यातून आपण शहाणे झालो म्हणावं, तर १५ डिसेंबर २०२४च्या रविवारी रात्री उस्ताद झाकीर हुसेन यांच्या बाबतीत तेच. नातेवाईक 'थांबा' म्हणत होते, आपण थांबलो नाही. सोमवारी सकाळी घरच्यांनी निधनाची बातमी दिली, तोवर निम्मा देश रडून मोकळा झाला होता. मग ११ नोव्हेंबर २०२५ला धर्मेंद्र. हेमा मालिनी आणि ईशा देओल यांनी ते बरे होत असल्याचं सांगितलं, संतापही व्यक्त केला. धर्मेंद्र गेले २४ नोव्हेंबरला. ते तेरा दिवस आपल्याला जड गेले असावेत, कारण स्टेटस तर लावून झालं होतं.

ही घाई दुःखाची नसते. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पहिल्यांदा टाकणाऱ्याला एक मान असतो, तो हुकला तर दिवस वाया जातो. त्याच्याखाली चाळीस जोडलेले हात येतात, मग टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील ही सूचना, मग एक गुलाब आणि शुभ सकाळ. अनंतात विलीन व्हायला हल्ली साधारण पाऊण तास पुरतो.

पुढचा टप्पा फोटोचा. गेलेल्या कलावंताचे हजारो फोटो उपलब्ध असताना निवडला जातो तो स्वतःबरोबरचा. लिहिणारा मधोमध, हसरा. दिवंगत कडेला, अर्धा कान कापलेला. खाली 'किती साधा माणूस' असं प्रमाणपत्र. साधेपणाचा पुरावा काय, तर माझ्यासोबत फोटो काढू दिला!

आणि आठवण कशाची निघते? झाकीरभाईंनी फेब्रुवारी २०२४मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी घेतले. जॉन मॅक्लॉफलिनबरोबर 'शक्ती'त अर्धशतकापूर्वी वाजवायला बसलेला हा माहीमचा मुलगा. वडील उस्ताद अल्लारखाँ. आपण आठवली ती चहाची जाहिरात. जाहिरात उत्तमच होती, तक्रार नाही. पण तबल्याचा एवढा मोठा माणूस जातो आणि लोक कपबशी घेऊन रडतात, तेव्हा हसावं की काय करावं कळत नाही.

गोखल्यांचं तर आणखी सरळ आहे. त्यांचा 'गोदावरी' हा चित्रपट ११ नोव्हेंबर २०२२ला, म्हणजे त्यांच्या निधनाच्या पंधरा दिवस आधी, चित्रपटगृहांत लागला होता. 'असा नट पुन्हा होणे नाही' लिहिणाऱ्यांना तो नट गल्लीच्या टोकाला, तिकीट काढून, अंधारात निवांत बघता आला असता. किती जणांनी बघितला? 'अनुमती'साठी त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, तो तरी? पोकळी कधीही न भरून येणारी असते हे खरं, पण मराठी चित्रपटाच्या दुपारच्या खेळाला ती नट जिवंत असतानाच खुर्च्यांत बसलेली दिसते.

रवींद्र महाजनींबद्दल मात्र विनोद करवत नाही. जुलै २०२३मध्ये तळेगाव दाभाडेजवळच्या घरात ते मृतावस्थेत सापडले. एकटेच राहत होते. शेजाऱ्यांना दुर्गंधी आली तेव्हा कळलं. एके काळी ज्याच्या देखणेपणाने थिएटरं भरली तो माणूस गेला आहे, हे काही दिवस कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं त्या संध्याकाळी मात्र महाराष्ट्र त्यांच्या आठवणींनी ओसंडून वाहिला. वर याच चाहत्यांनी त्यांच्या मुलाला जाब विचारायला सुरुवात केली. 'मुंबईचा फौजदार' पडद्यावर ते होते. ते गेल्यावर घरोघरी फौजदार निघाले. बाप-लेकांच्या घरात काय होतं हे आपल्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. पण एवढा जीव होता, तर गेल्या दहा वर्षांत त्यांना पत्र कोणी लिहिलं, हा प्रश्न चौकशी करणाऱ्यांनी एकमेकांना विचारला नाही.

लताबाई गेल्या तेव्हा, फेब्रुवारी २०२२मध्ये, शाहरुख खानने दुआ मागून फुंकर घातली, तर तो थुंकला म्हणून आपण भांडलो. मग शिवाजी पार्कात स्मारक हवं की नको यावर भांडलो. गाणी मध्ये कुठेतरी वाजत होती.

खरा चाहता नसतोच असं नाही. तो ओळखायला सोपा आहे. तो त्या दिवशीही खोट काढतो. विजया मेहतांनी बसवलेल्या 'बॅरिस्टर' नाटकातल्या गोखल्यांबद्दल तो अर्धा तास बोलेल, आणि मग त्यांचे कोणते चित्रपट टाळलेलेच बरे तेही सांगेल. घशाच्या दुखण्यामुळे २०१६मध्ये त्यांनी रंगभूमी सोडली, हे त्याला तेव्हाच लागलं होतं, त्यामुळे तो सहा वर्षांनी नव्याने हादरत नाही. त्याच्या आठवणीत तो स्वतः फारसा नसतो. ग्रुपवर मात्र त्याला 'आजच्या दिवशी तरी...' म्हणून गप्प बसवतात.

तेव्हा वाचकहो, एक करा. या शनिवार-रविवारी तुमच्या गावच्या नाट्यगृहात किंवा मैफलीत कुणी सत्तरी ओलांडलेला कलावंत असेल, तर तिकीट काढा. मध्यंतरात हवं तर श्रद्धांजलीचा मजकूर लिहून ठेवा. फक्त घरच्यांनी सांगेपर्यंत तो पाठवू नका, आणि दुसऱ्या अंकाला मोबाइल बंद करा.