घरचा सामना, परगावचं मैदान

पुण्यात व्यावसायिक फुटबॉल क्लब टिकत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालू नका, हराल. पुणे एफसी २००७ साली निघाला, आय-लीगच्या २०१२-१३च्या हंगामात उपविजेताही झाला आणि २०१५मध्ये गाशा गुंडाळून मोकळा झाला. भारत एफसी आला, एक हंगाम खेळला, तळाला राहिला, गेला. डीएसके शिवाजियन्सचा आय-लीगमधला मुक्काम दोन हंगामांचा. एफसी पुणे सिटीचा सहमालक हृतिक रोशन होता, तोही क्लब २०१४ ते २०१९ एवढाच पुरला. चौघांनीही पुणेकरांना बोलावलं ते बालेवाडीला. पेठेतला पुणेकर बालेवाडीला जातो तो मुलाने तिकडे फ्लॅट घेतला तर. तरीही काही भाबडे जीव गेले. तिथे मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे प्रेक्षक आणि गोलपोस्ट यांच्यात एवढं अंतर पडतं की गोल झाला हे शेजारचा ओरडल्यावर कळतं.

पण खरी गंमत क्लब बंद पडण्यात नाही, पुढच्या प्रवासात आहे. २०१९मध्ये इंडियन सुपर लीगमधली पुण्याची जागा हैदराबादला गेली आणि हैदराबाद एफसी जन्माला आला. त्याच वर्षी दिल्ली डायनामोजने मुक्काम भुवनेश्वरला हलवला आणि नाव घेतलं ओडिशा एफसी. दिल्ली रिकामी झाली. मग २०२५मध्ये हैदराबादचा क्लब उठला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. म्हणजे बालेवाडीत नारंगी जर्सी घालून बसणारा पुणेकर प्रामाणिक असेल, तर त्याने आज दिल्लीसाठी टाळ्या वाजवायला हव्यात. भाडेकरूसुद्धा अकरा महिन्यांचा करार संपताना घरमालकाला आधी कळवतो. इथे गावाला बातमी पेपरात वाचायची.

तिकडे हैदराबादकरांचं नशीब बघा. पहिल्या हंगामात संघ खरोखर हैदराबादेत, गच्चीबावलीला खेळला आणि शेवटचा आला. मग कोरोना आला आणि अख्खी लीग दोन हंगाम गोव्यात कोंडली गेली. फातोर्डा, बांबोळी, वास्को अशा तीन मैदानांवर सगळ्यांचे घरचे सामने आणि सगळ्यांचे बाहेरचेही. कागदावर यजमान आणि पाहुणा ठरवायचे आणि त्याप्रमाणे कपडे वाटायचे. या व्यवस्थेत हैदराबाद फुलला. मार्च २०२२च्या अंतिम सामन्यात समोर केरळा ब्लास्टर्स. केरळातून पिवळे कपडे घातलेले हजारो लोक फातोर्ड्याला लोटले आणि नेमके कागदोपत्री यजमान निघाले हैदराबाद. त्यांचाही रंग पिवळा! मग केरळच्या खेळाडूंना काळी जर्सी चढवावी लागली. स्टँडमध्ये सगळं पिवळं, मैदानावर पिवळा संघ परका. पेनल्टीवर हैदराबाद जिंकलं. गावाबाहेर पडल्यावर कर्तृत्व उजळतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही स्थळ सुचवणाऱ्या काकूंनी तेव्हाच सांगितलं असतं.

बाकीच्यांचीही खुशाली घ्या. पंजाब एफसी सुपर लीगमध्ये आला आणि घरचे सामने खेळू लागला दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. इंटर काशीने तर कमाल केली. आय-लीगमधल्या पहिल्या हंगामात त्यांचं घर होतं पश्चिम बंगालमधलं कल्याणी. काशीला जायला लोक आयुष्यभर पैसे साठवतात आणि काशीचा क्लब कल्याणीला. २०२३मध्ये मुंबई सिटी एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, पण अंधेरीतलं मैदान त्या स्पर्धेला चालेना. मग इराणच्या नस्साजीला यजमान म्हणून भेटायला मुंबई कुठे आली? बालेवाडीला! मुंबईने पुण्याला आपलं घर म्हणावं, हा क्षण आपल्या हयातीत येईल असं वाटलं नव्हतं. सामना ०-२ हरले. तेवढा आनंद पुणेकरांनी मनातल्या मनात घेतला असावा. अल हिलालविरुद्धचा घरचा सामना नेरुळला, डी. वाय. पाटीलवर झाला. तोही हरले, आणि गटातले बाकीचे चारही. घर बदलून ग्रह बदलत नाहीत.

छोट्या शहरात फुटबॉल चालत नाही म्हणावं, तर जमशेदपूर आहे. कारखाना टाटांचा, मैदान टाटांचं, क्लब टाटांचा आणि स्टँडमधला माणूस शिफ्ट संपवून आलेला. तिथे क्लब हलवायचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. आता याच जमशेदपूरने लीग शील्ड जिंकली ती २०२१-२२मध्ये, म्हणजे गोव्यात बसून. पण त्याला त्यांचा इलाज नव्हता.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे कोल्हापूर आहे. तिथे फुटबॉल तालमीतून येतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं ऐकून मुंबईतला एखादा ब्रँड सल्लागार चक्कर येऊन पडेल. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या की पोलिसांची सुट्टी रद्द होते. कधी सामना मैदानात रंगतो, कधी स्टँडमध्ये. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. पुढे सुपर लीगमध्ये खेळायला त्याला जमशेदपूर गाठावं लागलं. चार-चार क्लब बुडवून पाहिले ते पुण्यात, कारण तिथे विमानतळ आहे, हॉटेलं आहेत, प्रायोजकांना गाडीतून येता येतं. ज्या गावात फुटबॉल बघायला माणूस येतो, ते गाव या यादीत नाही.

यावर क्लबवाल्यांचं उत्तर ठरलेलं आहे. फ्लडलाइट्स हवेत, ड्रेसिंग रूम हव्यात, आसनं हवीत, डॉक्टरांची खोली हवी, कॅमेऱ्यांना जागा हवी. मागण्या रास्त आहेत, नाही म्हणत नाही. माझी शंका निराळी आहे. समजा उद्या ‘कोल्हापूर सिटी’ निघालीच, तर पाटाकडीलवाला आणि शिवाजीवाला एकच मफलर गळ्यात घालून एका बाकावर बसणार आहेत का? आणि मालक पाच वर्षांनी कंटाळले की काय करणार? पाटाकडीलची टीम हैदराबादला न्यायची तर आधी मंगळवार पेठ उचलावी लागेल. असला क्लब गुंतवणूकदाराला परवडत नाही.

तेव्हा पूर्ण क्लब राहू द्या. मुंबई सिटीला बालेवाडी आपली वाटते, तर हंगामातला एखादा घरचा सामना तीन-चार तास आणखी पुढे आणून शाहू स्टेडियमवर खेळून दाखवावा. चिअरलीडर आणू नका, ढोल आमच्याकडे आहेत. मध्यंतरात नट नाचवू नका, त्या वेळात लोक पंचावर चर्चा करतात. आणि फुकट पासांचे गठ्ठे मुंबईलाच ठेवा. कोल्हापुरात फुटबॉलला तिकीट काढायची पद्धत आहे.