फुटेजकाका

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक फुटेजकाका असतात. नसले, तर ते अजून रिटायर व्हायचे आहेत एवढाच त्याचा अर्थ. कोथरूडपासून धायरीपर्यंत कुठेही जा. बँकेतून नाहीतर जिल्हा परिषदेतून ग्रॅच्युइटी घेऊन घरी बसलेला, शुगर काठावर असलेला आणि मुलगी अमेरिकेत असलेला गृहस्थ दिसला, की आधी त्याच्या दाराची चौकट बघावी. नावाच्या पाटीखाली एक काळी लांबट डबी असते. वर भिंग, खाली बटण, बटणाभोवती निळा उजेड. आपण बोट पुढे करायच्या आत काकांच्या खिशात आपली वर्दी गेलेली असते.

आमच्या फुटेजकाकांना ही डबी मुलीने दिली. दिवाळीला न्यू जर्सीहून आली, भिंतीला दोन भोकं पाडून घेतली, वायफायला जोडली आणि जाताना बजावून गेली, "बाबा, कोण आलंय ते बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही." काकांनी त्यातला निम्माच भाग मनावर घेतला. ते बघायला लागले. उघडायचं काम काकूंकडे गेलं.

डबीशेजारी काकांनी पाटीही लावली आहे. 'बेल एकदाच दाबावी. इथे दाबलेली बेल न्यू जर्सीतही वाजते.' खाली बारीक अक्षरांत, 'भिंगापासून दोन फूट लांब उभे राहावे. कपाळ कापले जाते.'

काकांचा पराक्रम बघायचा तर गणपतीच्या आधी पंधरा दिवस, वर्गणीच्या वेळी. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन जिना चढतात, एकजण बेल दाबतो. काका दारापासून चार फुटांवर आरामखुर्चीत. कपाळावरचा चष्मा नाकावर येतो. "कोण पाहिजे?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून फोनमध्ये जातो, फोनमधून कुठल्या तरी परमुलखातल्या सर्व्हरला वळसा घालतो आणि दोन सेकंदांनी त्यांच्याच दारावर येऊन बोलतो. मधल्या काळात मूळ आवाज दाराच्या फटीतून पोरांपर्यंत पोचलेला असतो. त्यामुळे पोरं एकदा दाराला उत्तर देतात, एकदा डबीला.

"वर्गणी, काका."

"आम्ही नाशिकला आहोत. पुढच्या आठवड्यात या."

नेमकी तेवढ्यात आत कुकरची शिट्टी होते. एक, दोन, तीन. तिसरीला काकू गॅस बारीक करतात, तेही ऐकू येतं. पावतीपुस्तकवाला पोरगा वाकून भिंगात तोंड घालतो आणि म्हणतो, "नाशिकला भात झाला वाटतं, काका. पाचशे एक लिहू का?"

माणूस बाहेरगावी असताना घरी असल्याचं भासवता यावं, हीच या यंत्राची मोठी जाहिरात. काकांनी ती उलटी करून घेतली आहे.

दार न उघडता बोलणारे काका एकदा घरात घेतल्यावर मात्र सोडत नाहीत. चहा येईपर्यंत व्हिडिओ डोअरबेलचा इतिहास ऐकावा लागतो. तो बाकी खरा आहे आणि ऐकण्यासारखाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची कृष्णवर्णीय नर्स राहायची. ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या, नवरा इलेक्ट्रॉनिक्समधला तंत्रज्ञ, त्याच्याही तशाच. वस्तीत गुन्हे फार आणि पोलिसांना बोलावलं तर ते सवडीने येणार. रात्री एकटी असताना दार वाजलं तर करायचं काय? दोघांनी मिळून तोडगा काढला. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, झोपायच्या खोलीत टीव्हीचा पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक, दार लांबून उघडायचं एक बटण आणि धोक्याचा इशारा द्यायला दुसरं. १९६६ साली अर्ज केला, १९६९च्या डिसेंबरात पेटंट मिळालं.

पुढचा अध्याय जेमी सिमिनॉफ. हा गॅरेजमध्ये खटपट करत बसायचा आणि घराची बेल त्याला ऐकू यायची नाही. म्हणून त्याने फोनवर वाजणारी बेल केली, 'डोअरबॉट' नावाची. २०१३ साली ती घेऊन 'शार्क टँक'मध्ये गेला आणि हात हलवत परत आला. त्याच बेलचं पुढे 'रिंग' झालं आणि २०१८मध्ये ती कंपनी अॅमेझॉनने घेतली. "हात हलवत परत आला होता," हे वाक्य काका दोनदा म्हणतात, कारण त्यांच्या स्वतःच्या बढतीचं प्रकरणही पुण्याच्या विभागीय कचेरीतून असंच परत आलं होतं.

मेरीबाईंना भीती होती आणि सिमिनॉफला गॅरेज होतं. काकांचा फ्लॅट साडेसहाशे चौरस फुटांचा. त्यात बेल ऐकू येणार नाही अशी जागा शोधायची तर माळ्यावर चढावं लागेल. काकूंना तर बेलही लागत नाही. दुसऱ्या जिन्यावर पाऊल वाजलं की त्या "मावशी आल्या", "पेपरवाला बिल घेऊन आला" असं सांगून मोकळ्या होतात. काकांचा फोन त्यानंतर कळवतो, 'दाराशी व्यक्ती आढळली.' कोण ते तो सांगत नाही.

व्यक्ती ओळखण्यात फोनचा हात तसा सैलच आहे. डबीतला एक भाग अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो, दुसरा चित्रातला आकार बघून माणूस की मांजर ते ठरवतो. काकांनी डबीच्या जोडीला गॅलरीतही एक कॅमेरा लावला आहे, तो नुसता आकारावर चालतो. पहिल्याच गुढीपाडव्याला काकूंनी गॅलरीत गुढी उभारली. हिरवी रेशमी साडी, वर उपडा तांब्या, गळ्यात साखरेची गाठी. वाऱ्याने पदर हलला आणि फोन म्हणाला, 'व्यक्ती आढळली.' दर पाच मिनिटांनी म्हणत राहिला. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे साडेदहा. मुलीचा घाबरून फोन, "बाबा, गॅलरीत हिरव्या साडीतली कुणीतरी बाई उभी आहे, आणि तिचा चेहरा चमकतोय!" गुढी सूर्यास्तापर्यंत उतरवता येत नाही. काकांनी कॅमेरा बंद केला असता तर प्रश्न मिटला असता. पण सणासुदीलाच चोऱ्या होतात म्हणून त्यांनी गुढीसकट पहारा दिला.

दसऱ्याला दारावरच्या झेंडूच्या तोरणानेही असाच दिवस काढला. पावसाळ्यातल्या रात्री वेगळ्याच. अंधारात कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकतो आणि चित्र काळंपांढरं होतं. भिंगाच्या अगदी पुढ्यात जे येईल ते त्या उजेडात पांढरंफटक आणि अवाढव्य दिसतं. रात्री अडीचला सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी क्लिप टाकली, 'सावध! जिन्यात मोठा प्राणी.' होती पाल. मगर वाटावी एवढी, पण पालच. सकाळी काकूंनी तिला झाडूने हाकललं आणि कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंही काढलं. त्यानंतर आठवडाभर फोन गप्प होता. काकांना चैन पडेना, त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन संवेदनक्षमता वाढवली.

ग्रुपवर काकांच्या क्लिपा रोजच्या. पहिल्या मजल्यावर कचऱ्याची पिशवी कुणी ठेवली, मावा खाऊन जिन्याच्या कोपऱ्याचा रंग कुणी बदलला, कुणाच्या पाहुण्याने चुकीच्या जागी गाडी लावली. प्रत्येकीखाली एकच वाक्य, 'कुणाचे नाव घेत नाही.' नावाची गरजही नसते, चेहरा चांगला ठळक दिसतो. या सगळ्याचा खरा फायदा झाला तो धुणंभांड्याच्या मावशींना. महिन्याच्या शेवटी समोरच्या बाई दोन खाडे कापू लागल्या तेव्हा मावशी तडक काकांकडे आल्या. "काका, बारा तारखेचं काढा. सात-दहाला मी जिना चढतेय का नाय ते दाखवा त्यांना." काकांनी काढलं. मावशी चढत होत्या, सात वाजून आठ मिनिटांनी. पैसे पूर्ण मिळाले. त्या दिवसापासून रोज सकाळी भिंगासमोर थांबून, हात वर करून, 'आले' असं म्हणून मगच मावशी कामाला लागतात.

समोरच्या बाई मात्र खवळल्या. त्या वकील. त्यांचं म्हणणं असं, की आमचं दार उघडलं की तुमच्या डबीला आमचा सोफा दिसतो. त्यांनी इंग्लंडमधला दाखला दिला. २०२१ साली ऑक्सफर्डच्या न्यायालयात एका बाईने शेजाऱ्याच्या डोअरबेलविरुद्ध आणि कॅमेऱ्यांविरुद्ध दावा जिंकला होता, आणि त्यात कॅमेऱ्याने टिपलेल्या आवाजावरही न्यायाधीशांनी बोट ठेवलं होतं. काकाही तयारीत होते. आपल्याकडच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती, वैयक्तिक वापर वगळलेला आहे, हे त्यांनी कात्रणासह मांडलं. "मग ग्रुपवर क्लिपा टाकणं घरगुती का?" असं बाईंनी विचारल्यावर मात्र त्यांनी पाणी मागितलं. कमिटीने तोड काढली. अॅपमध्ये समोरच्या दारावर काळा पट्टा मारायचा, म्हणजे तेवढा भाग चित्रात येणार नाही. काकांनी मारला. चौथ्या दिवशी तेच काकूंना विचारत होते, "समोर मघाशी कोण आलं होतं गं? बराच वेळ बोलत होते." काकूंनी सांगितलं, त्यांना आवाजावरून कळलं होतं.

सुरक्षेबद्दल इतक्या दक्ष माणसाचा पासवर्ड फ्लॅटचा नंबर होता. भाच्याने डोक्याला हात लावला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने असलेच कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले होते, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. त्या कॅमेऱ्यांच्या फौजेने एका दिवसात मोठमोठ्या वेबसाइटी पाडल्या. भाच्याने हे सांगितल्यावर काकांनी लगेच सोळा अक्षरी, आकडे-चिन्हं घातलेला पासवर्ड केला आणि विसरू नये म्हणून 'कालनिर्णय'वर ठळक लिहून ठेवला. ते कालनिर्णय दारासमोरच्याच भिंतीवर आहे. डबीला दिसत नाही, येणाऱ्याला दिसतं.

पहारेकऱ्यावरही पहारा आहेच. अॅप मुलीच्या फोनवरही चालतं. एका संध्याकाळी काका फिरून परत आले, किल्ली लावणार तोच डबी बोलली, "बाबा, पिशवीत काय आहे?" बाकरवडी होती. तेव्हापासून काका स्वतःच्या घरात शिरताना उजव्या भिंतीला चिकटून, अंग चोरून, पिशवी सदऱ्याखाली धरून शिरतात. अॅपने दोनदा त्यांची नोंद 'अनोळखी व्यक्ती' अशी केली आहे.

आणि मग जुलैत खरोखर चोरी झाली. काकांच्या कोल्हापुरी चपला, दारातून, डबीच्या नाकाखालून. काका तीन जिने उतरून सगळ्यांना सांगून आले. सुतकी चेहरा करून, पण आतून खुलले होते. इतक्या दिवसांच्या जागरणाला अर्थ आला होता. फुटेज काढलं. बॅटरीवरची डबी एरवी झोपलेली असते. हालचाल जाणवली की जागी होते आणि मगच चित्र सुरू होतं. त्या जागं होण्यातच चोराचा कार्यभाग उरकला होता. हाती लागलं ते इतकंच: चित्राच्या डाव्या कडेला, पाऊण सेकंद, एक कोपर. त्यावर एक काळा ठिपका. तीळ असेल, डास असेल, भिंगावरची धूळही असेल.

काकांनी ते चित्र मोठं करून ग्रुपवर टाकलं. 'या कोपराला कुणी ओळखते का? माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्यात येईल.' कुणीच ओळखलं नाही. स्वतःचं कोपर तरी माणसाने कधी नीट पाहिलेलं असतं? सोसायटीत पुरुषांनी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली, ती पावसामुळे की काकांमुळे, सांगता येत नाही. काका लिफ्टमध्ये लोकांच्या मागे उभे राहू लागले.

श्रावणात सोसायटीचा सत्यनारायण. तीर्थ द्यायला काका आपणहून बसले. उजवा तळवा पुढे, डावा हात त्याखाली. तीर्थ घेताना कोपर लपवता येत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. पळी डाव्या-उजव्या हातांवर, सतरंजीवर, एकदा गुरुजींच्या पोथीवरही सांडली, कारण काकांची नजर तळव्यावर नव्हतीच. एका बिऱ्हाडकरूंना त्यांनी "परत घ्या, दुसऱ्या हाताने" असंही सांगितलं. शिऱ्याचं ताट घेऊन उभ्या असलेल्या मावशी मघापासून हे बघत होत्या.

"काका, ते फोटूतलं मला परत दाखवा बरं."

काकांनी पळी ठेवली, फोन काढला. मावशींनी पदराला हात पुसले, फोन आडवा केला, उभा केला.

"हे कोपर नाय हो," त्या म्हणाल्या. "गुडघा हाय."

काकांनी फोन फिरवून पाहिला. बराच वेळ पाहिला. कुणी हसलं नाही, कारण आरती सुरू झाली होती.

त्याच रात्री ग्रुपवर निवेदन आलं. 'येत्या रविवारी सकाळी सहा वाजता गच्चीवर विनामूल्य सूर्यनमस्कार शिबिर. वयाची अट नाही. प्रत्येक घरातील सर्व पुरुषांची उपस्थिती अपेक्षित. हाफ पँट सक्तीची.'